हृदयविभागाच्या वॉर्डातल्या सिस्टरांना

सिस्टर, नमस्कार.

अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर औषधं आहेत, तपासण्या आहेत. तुम्ही जे केलंत त्याची मात्र कुठेच नोंद नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

अण्णा 76 वर्षांचे, हार्ट फेल्युअरचं दुखणं जुनं. पायांना सूज आली, धाप लागली की अ‍ॅडमिट करायचं, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. या खेपेला सूज उतरली, ऑक्सिजन निघाला, तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण नको, पेपर नको, नातवाचा फोनही नको. हृदय अशक्त असलं की थकवा येतो, भूक जाते, झोप उडते, त्यामुळे सगळं त्याच खात्यावर जात होतं. तुम्हाला मात्र खटकलं. स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "अण्णा, गेल्या पंधरा दिवसांत कशात मन लागतंय का? सारखं उदास वाटतं का?"

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पोरांच्या जिवाला किती दिवस घोर लावायचा? सुटलो तर बरं."

तुम्ही 'असं बोलू नये' म्हणून त्यांना गप्प केलं नाहीत. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलंत आणि लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलंत. मानसोपचाराचे डॉक्टर आले. लघवीच्या गोळीबरोबर उदासीची गोळी दिली तर म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं, म्हणून अगदी कमी डोस आणि रक्ततपासणी ठरली.

आणि तुम्ही अण्णांना काम दिलंत. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि वहीत त्यांनीच लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढलं, तर अंगात पुन्हा पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना फोन. दूध संघात जन्मभर हिशेब लिहिलेला माणूस! पट्टीनं समास आखून घेतला, तारखेखाली रेघ मारली. त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला असं नैराश्य गाठतं, हे मी नंतर वाचलं. 2010 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा रुग्णांपैकी निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना खोटी. नर्सचा आधार दोघांनाही होता. मन दोन्ही गटांचं जवळपास सारखंच सुधारलं. गोळी बिनकामाची, असं मी म्हणणार नाही, अण्णांची चालूच आहे. पण ते वाचताना मला तुम्हीच आठवलात.

अण्णांचे अजून काही दिवस वाईट जातात. पण आता ते तसं सांगतात.

तुमच्या हाताखाली नवीन मुली शिकतात. बीपी घेतानाच हे दोन प्रश्नही विचारायला त्यांना शिकवा, एवढीच विनंती. आमचं सगळं घर तुमचं ऋणी आहे.

आपली,
अण्णांची थोरली लेक