कार्लाबाई गायिका नव्हत्या

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर, एका मॅरेज गार्डनच्या जाहिरातीखाली, चार ओळींची बातमी होती : 'ज्येष्ठ जॅझ गायिका कार्ला ब्ले यांचे निधन'. छापलीत त्याबद्दल आधी आभार. निवडणुकीच्या धामधुमीत इंदूरच्या पेपरात या नावाला चार ओळी मिळाल्या, हेच आम्हा चार-पाच वेड्यांना पुष्कळ वाटलं. पण बाई गायिका नव्हत्या. १९८४ साली आलेल्या त्यांच्या एका रेकॉर्डचं नावच 'आय हेट टू सिंग' आहे, म्हणजे 'मला गाण्याचा तिटकारा आहे'. आता बोला.

त्या संगीतकार होत्या आणि बँडलीडर होत्या. बँडलीडर म्हटलं की इंदूरच्या माणसासमोर लग्नाच्या वरातीतला, लाल कोटातला मास्टर उभा राहतो. राहू दे, त्यात फारसं चुकलेलं नाही. लहानपणी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला आम्ही राजवाड्यापाशी रात्रभर जागायचो. हुकुमचंद मिलची झांकी यायची, मालवा मिलची यायची, आणि मला मात्र झांकीपेक्षा पुढच्या बँडचा मास्टर बघायचा असायचा. एका हातात क्लॅरिनेट, दुसरा हात मोकळा, तोंड आपल्या माणसांकडे, आणि गडी उलटा चालतोय. मागे खड्डा आहे की म्हैस, त्याला पर्वा नाही. भुवई उडवली की ताशे थांबत, बोट फिरवलं की पितळी वाद्यांचा लोंढा सुटे. पुढे कितीतरी वर्षांनी कार्लाबाईंच्या बँडचा व्हिडिओ बघितला. डोळ्यांवर येणारी झिपरी, एक हात ऑर्गनवर, दुसरा हवेत. मला तोच मास्टर आठवला. फरक इतकाच की इथे वाजणारा प्रत्येक सूर बाईंनी आधी घरी बसून कागदावर उतरवलेला.

आणि तो कुणासाठी उतरवलाय ते ठरलेलं असे. 'लाइव्ह!' या १९८२ च्या रेकॉर्डवर 'द लॉर्ड इज लिसनिन टू या, हॅलेलुया' नावाची एक संथ चीज आहे, चर्चमधल्या भजनाच्या अंगाची. त्यात गॅरी व्हॅलेंटे ट्रॉम्बोन वाजवतो. ट्रॉम्बोन म्हणजे तो नळी पुढे-मागे सरकवायचा लांब भोंगा. सुरुवातीला तो माणूस घसा खाकरल्यासारखा दोन-चार सूर टाकतो, मग जे ओरडायला लागतो ते थेट देवाच्या दारावर धडका. सूर फाटतो, पण सुटत नाही. आमच्यातले एक तबल्याचे मास्तर आहेत, जन्म ठुमरी-दादऱ्याच्या साथीत गेला. त्यांना हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पुकार आहे ही." आमच्या गाण्यात याला दुसरा शब्द नाही. अशा भोंग्यासाठी किती मोकळी जागा ठेवायची आणि खाली किती कमी वाजवायचं, ही अक्कल लिहिणाऱ्याची. गायिका म्हटल्याने ती सगळी वाहून जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

बाकी चरित्र थोडक्यात. जन्म ११ मे १९३६, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वडील पियानो शिकवायचे आणि चर्चची गायकमंडळी सांभाळायचे. पहिली तालीम तीच. शाळा अर्धवट सोडली. सतराव्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन 'बर्डलँड' या क्लबात सिगारेटी विकायची नोकरी धरली, कारण तिथे रोज रात्री मोठमोठे लोक फुकटात ऐकायला मिळत. (आमच्याकडे तानपुरे लावून देत शिकलेल्यांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. ही त्याच जातीची.) मोठ्या कंपन्या असलं संगीत काढेनात, तर ट्रम्पेटवादक मायकल मँटलर यांच्यासोबत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं, आणि आपल्यासारख्याच इतरांच्या रेकॉर्डी दुकानांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्थाही लावली. बेसवादक चार्ली हेडन यांच्या 'लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा'चं बरंचसं संगीत बांधून दिलं ते बाईंनीच; हेडन २०१४ मध्ये गेल्यावर तो वाद्यवृंद पुढे नेलाही त्यांनीच. शेवटच्या वर्षांत तिघांचाच मेळ : त्या, बेसवर त्यांचे जोडीदार स्टीव्ह स्वॅलो, आणि सॅक्सोफोनवर अँडी शेपर्ड. मेंदूच्या कर्करोगाने १७ ऑक्टोबरला गेल्या, सत्त्याऐंशीव्या वर्षी.

पण आपल्याकडच्या वाचकाने ज्यासाठी त्यांना लक्षात ठेवावं ते निराळंच आहे. १९६८ ते ७१ अशी तीन-साडेतीन वर्षं खपून त्यांनी 'एस्कलेटर ओव्हर द हिल' नावाचं प्रकरण केलं. प्रकरणच म्हणायचं, कारण ऑपेरा म्हणावा तर त्यात रॉक आहे, जॅझ म्हणावं तर सर्कशीचा बँड आहे. तीन तबकड्या, पन्नासहून अधिक कलावंत. शब्द पॉल हेन्स या कवीचे, आणि हा गृहस्थ त्या काळात आपल्या देशात राहायला आलेला. इकडून कविता टपालाने जायच्या, तिकडे बाई चाली लावायच्या. त्या शब्दांचा अर्थ लावायचा नाद मी केव्हाच सोडला. त्यातल्या एका तुकड्याचं नाव मात्र ऐका : 'ए. आय. आर.', आणि पुढे खुलासा, 'ऑल इंडिया रेडिओ'! डॉन चेरीचा ट्रम्पेट, खाली धरून ठेवलेला सूर, वाळवंटातून चाललेल्या तांड्यासारखा ठेका. मालवा हाउसवरून, म्हणजे आपल्या इंदूरच्या रेडिओ केंद्रावरून, रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आकाशवाणीच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये असं काही वाजून गेलंय?

हा संच आमच्याकडे आहे. एका मित्राच्या थोरल्या भावाने जर्मनीहून आणलेला, कव्हरचे कोपरे कसरीने खाल्लेले. बाई गेल्याचं कळल्यावर ठरवलं, कोजागिरीला गच्चीवर बसून सगळा ऐकायचा. पण त्या वर्षी २८ ऑक्टोबरला कोजागिरी आणि त्याच रात्री चंद्रग्रहण. वेध दुपारीच लागले. आईने जाहीर केलं की दूध आटवायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, काय धांगडधिंगा घालायचाय तो घरात घाला. आई १९३६ चीच, बाईंच्याच सालची, त्यामुळे बोलणं खुंटलं. दारं लावून बैठकीत बसलो. बाहेर एका उमेदवाराची प्रचारगाडी रामबागेतून दोनदा फिरून गेली. दुधाऐवजी नुसतं पाणी.

या संचाची एक खोड आहे. सहाव्या बाजूची अगदी शेवटची खाच वर्तुळात बंद केलेली आहे. पिन तिथे पोहोचली की पुढे सरकतच नाही. एक गुणगुणणारा सूर गोल गोल फिरत राहतो, आपण उठून पिन उचलेपर्यंत. सीडीवर ही गंमत नाही, तिथे तो सूर बराच वेळ चालून सरतो एकदाचा. त्या रात्री पिन तिथे आली तेव्हा सव्वाअकरा झाले असतील. कुणी उठेना. तबल्याचे मास्तर डोळे मिटून बसलेले, गिटार शिकवणारा मुलगा जमिनीकडे बघतोय, मी आपला रेकॉर्ड प्लेअरच्या सगळ्यात जवळ असूनही बसलेलोच.

आपल्याला विनंती एवढीच की झालेल्या चुकीबद्दल दुरुस्ती छापावी; एक ओळ पुरे. 'गायिका'च्या जागी 'संगीतकार व बँडलीडर'.

पाचेक मिनिटांनी आतून आई आली. "अरे, अडकलीय ना ती रेकॉर्ड? ऐकू येत नाही का कुणाला?"

"अडकली नाही आई, ती अशीच आहे. संपतच नाही."

"मग बाई घरी कधी जायची?" म्हणाली, आणि चष्मा नसताना चाचपडत तिनेच पिन उचलली.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर