मुंजाला निदान पिंपळ तरी असतो

टोरांटो,
४ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

"अजून भुताचे सिनेमे बघतोस?" असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी घाईत होतो. आज नीट सांगतो.

हॉलिवूडची ती ठरलेली गोष्ट आठवते? नवं घर घेतात, रात्री आवाज येऊ लागतात, आणि मग कळतं की खाली 'इंडियन' लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळनिवासींचं, दफनस्थान आहे. जमीन गेली त्यांची आणि भूतही तेच! दिग्दर्शक जेफ बार्नबीनं हे फिरवलं. तो मिकमॅक या मूळनिवासी समाजाचा, कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या लिस्टुगुज वस्तीचा. जून १९८१ मध्ये सॅमनच्या मासेमारीवरून शेकडो पोलीस त्याच्या वस्तीत घुसले, जाळी उचलून नेली, माणसं धरून नेली. हा तेव्हा चार वर्षांचा.

त्याचा 'ब्लड क्वांटम' (२०१९) हा सिनेमा १९८१ सालीच घडतो. सुरुवातीला एक म्हातारा सॅमन साफ करतोय. पोट फाडलंय, आतडी काढलीयत, आणि मासे तडफडायला लागतात. आपण मिरकरवाड्याच्या धक्क्यावर वाढलेली पोरं, कापलेल्या माशाचं आपल्याला काय! तरी मी सिनेमा थांबवून पाणी पिऊन आलो. पुढे साथ येते, मेलेले उठून चावत सुटतात, पण मिकमॅकांना लागण होत नाही. जीव वाचवायला गोरे त्यांच्याच दाराशी येतात. बाहेरून आलेल्या देवीच्या रोगानं ज्यांच्या वस्त्या ओस पाडल्या, त्यांनी आता ठरवायचं, कुणाला आत घ्यायचं.

त्याआधीचा 'राइम्स फॉर यंग गूल्स' (२०१३) मला जास्त लागला. त्यातली आयला ही पोर निवासी शाळेत न्यायला नको म्हणून सरकारी एजंटला हप्ता देते. मेलेली आई तिला दिसत राहते, पण भीती वाटते ती शाळेची. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या अशा शाळांत दीड लाखावर मुलं कोंबली गेली. १९२० पासून कायद्यानं सक्ती होती. केस कापले, भाषा बोललं की मार. मेलेल्या कितीतरी मुलांचे देह घरी पाठवलेच नाहीत.

मला आजीचा मुंजा आठवला. लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर बसलेला. आपण त्याला भ्यायचो, पण तो कुठे आहे हे अख्ख्या आळीला ठाऊक असायचं. या मुलांना ते झाडसुद्धा नाही. बार्नबीनं त्यांना पडदा दिला असं मला वाटतं.

इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पुस्तक पाठ केलं होतं, त्यात या शाळांवर मोजक्या ओळी. मीही त्या उत्तरापुरत्या वाचल्या आणि शपथ घेऊन आलो. आता त्या ओळी डोक्यातून जात नाहीत. या शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्यशोधन आयोगानं २०१५ मध्ये याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं, तेही मी सिनेमानंतर शोधून वाचलं.

बार्नबी २०२२ मध्ये गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी, कर्करोगानं. आणखी सिनेमे करायचे राहिले रे त्याचे.

डिसेंबरात येतोय. दोन्ही डीव्हीडी आणतो. वहिनी आणि मुलं झोपली की लावू, आणि मासे येतील तेव्हा तू उठून जायचं नाहीस.

तुझा,
विनायक