पासवर्डाचे सगळे ओझे वाचकाच्याच डोक्यावर का?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला पासवर्डविषयीचा लेख वाचला. पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, दर तीन महिन्यांनी बदला, अशा सूचना त्यात होत्या. पहिल्या दोन अगदी योग्य आहेत. तिसरी कालबाह्य झाली आहे. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले की, लोकांना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये; तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावावा. सक्ती केली की माणूस जुन्या पासवर्डच्या शेवटचा आकडा एकाने वाढवतो आणि मोकळा होतो. चोरालाही हे ठाऊक असते.

पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. वाचणाऱ्याने काय करावे, याचाच विचार त्या लेखात आहे; वेब ॲप्लिकेशन बांधणाऱ्यांनी काय करावे, याबद्दल एक ओळही नाही. गेली अठरा वर्षे मी लॉगिनच्या कोडवरच काम करते आहे. म्हणून सांगते, बहुतेक ॲप्लिकेशनांना तुमचा पासवर्ड लागतच नाही. तो मागणेच चूक आहे.

आमच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी चार ॲप्लिकेशने होती: हजेरी, रजा, खर्चाची बिले आणि वैयक्तिक कागदपत्रे. चौघांची पासवर्डची टेबले (नोंदी साठवायचे तक्ते) वेगळी, ‘पासवर्ड विसरलात?’ची पाने वेगळी. एक सहकारी नोकरी सोडून गेले. त्यांचे खाते तीन ठिकाणी बंद झाले, चौथ्यात राहून गेले. ते सात महिने उघडेच होते. मी चालू खात्यांची यादी तपासत होते म्हणून ते दिसले, नाहीतर अजून तसेच राहिले असते. त्या गृहस्थांनी काही गैर केले नाही, पण तो त्यांचा चांगुलपणा. आमची व्यवस्था नापासच झाली होती.

यावर उपाय फार पूर्वीपासून तयार आहे. ओळख पटवण्याचे काम एकाच जागी ठेवायचे. त्या जागेला आम्ही आयडेंटिटी प्रोव्हायडर म्हणतो. तुम्ही रजेचे ॲप्लिकेशन उघडले की ते तुम्हाला तिकडे पाठवते. पासवर्ड, फोनवरचा कोड, बोटाचा ठसा, जे काही असेल ते तिथेच होते. मग तो प्रोव्हायडर एक सही-शिक्क्याचा दाखला देऊन तुम्हाला परत पाठवतो. रजेच्या ॲप्लिकेशनला तुमचा पासवर्ड कधी दिसतही नाही. संस्था वेगवेगळ्या असल्या आणि एकीने दुसरीचा दाखला मान्य केला, तर त्याला फेडरेशन म्हणतात. यासाठीचे सॅमल २.० हे मानक मार्च २००५ मध्ये आले, ओपनआयडी कनेक्ट फेब्रुवारी २०१४ मध्ये. म्हणजे ही काही प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही.

त्या दाखल्याला टोकन म्हणतात आणि त्यावरच्या एकेका विधानाला ‘क्लेम’. मराठीत या शब्दासाठी कुणी ‘माहिती’ लिहितात, कुणी ‘तपशील’. माझा आग्रह आहे की ‘दावा’च लिहावे. माहिती म्हटले की ती खरी धरली जाते. दावा म्हटले की लगेच प्रश्न येतात: दावा कुणाचा? कुणापुढे केलेला? किती वेळापुरता? या पद्धतीची सगळी सुरक्षितता या तीन प्रश्नांवर उभी आहे.

ओपनआयडी कनेक्टचे एखादे टोकन उघडून पाहिले तर टिंबांनी जोडलेले तीन तुकडे दिसतात. पहिल्यात सही कोणत्या पद्धतीची, दुसऱ्यात दावे, तिसऱ्यात सही. दुसरा तुकडा बहुतेक वेळा गुप्त नसतो, हे पुष्कळ प्रोग्रामरांनाही माहीत नसते. तो फक्त वेगळ्या अक्षरांत लिहिलेला असतो, कुणीही क्षणात वाचू शकतो. त्यात ‘इश्यूअर’ असतो, म्हणजे दाखला कुणी दिला. ‘ऑडियन्स’ असतो, म्हणजे कोणत्या ॲप्लिकेशनसाठी दिला. मुदत असते, तीही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली. हे चारही, सहीसकट, प्रत्येक वेळी तपासावे लागतात. ऑडियन्स न तपासणारी ॲप्लिकेशने मी डोळ्यांनी पाहिली आहेत. रजेसाठी दिलेला दाखला तिथे बिलांच्या खिडकीवरही चालायचा. आणि २०१५ मध्ये तर असे उघड झाले की, पहिल्या तुकड्यात ‘सहीची पद्धत: काही नाही’ असे लिहून पाठवले, की टोकन तपासणाऱ्या काही लायब्ररी (प्रोग्रामर वापरतात ते तयार कोडचे संच) बिनसहीचा दाखलाही खरा मानत होत्या. दुरुस्त्या तातडीने निघाल्या. पण दाखला आणणाऱ्याच्या सांगण्यावरून तपासणीची पद्धत ठरवायची, ही कल्पनाच मुळात चुकीची होती.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. चारही ॲप्लिकेशने एका प्रोव्हायडरवर आणल्यावर आम्ही निश्चिंत होतो. दीडेक वर्षाने, नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीचा फोन आला. आवाज दबलेला होता. ‘मॅडम, माझ्या कागदपत्रांत आधीपासूनच काहीतरी आहे. कुणाचे तरी दवाखान्याचे रिपोर्ट दिसताहेत. मी बंद केलंय, पण एक उघडलं गेलं.’

मी तिच्या लॉगिनच्या नोंदी काढल्या. दाखला अस्सल होता. सही बरोबर, इश्यूअर बरोबर, ऑडियन्स बरोबर, मुदतही शिल्लक. कुणी काही फोडले नव्हते. झाले होते ते असे: पूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका सहकारी बाईंचे आणि या मुलीचे नाव एकच होते. मेल पाहणाऱ्या विभागाने तो रिकामा झालेला पत्ता या मुलीला देऊन टाकला. आमचा कोड दाखल्यातला ई-मेल वाचायचा, टेबलात तोच ई-मेल शोधायचा आणि सापडलेले खाते उघडून द्यायचा. बाईंचे खाते बंद केलेले होते. पण ‘तोच माणूस परत रुजू झाला’ असे समजून आमच्याच कोडने ते पुन्हा चालू केले. तो कोड मी लिहिलेला होता.

ओपनआयडी कनेक्टच्या मानकात याबद्दल स्पष्ट लिहिले आहे. दाखल्यात ‘सब्जेक्ट’ नावाचा एक दावा असतो. तो त्या प्रोव्हायडरपुरता एकाच खात्याचा असतो आणि दुसऱ्या कुणालाही पुन्हा कधी दिला जात नाही. माणूस ओळखायचा तो इश्यूअर आणि सब्जेक्ट या जोडीनेच. ई-मेल, फोन, नाव हे सगळे बदलणारे, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे दावे. ते पडद्यावर दाखवायला घ्यावेत, ओळखीसाठी कधीच नाहीत. आम्ही त्याच आठवड्यात चारही ॲप्लिकेशनांत तो बदल केला. खरे तर बदल किरकोळ होता. जुन्या नोंदी एकेक करून सब्जेक्टशी जोडायला मात्र अकरा दिवस लागले, कारण ई-मेलवर विसंबून राहता येत नव्हते आणि प्रत्येक खाते माणसाला विचारून पडताळावे लागले.

त्या बाईंना मी स्वतः फोन केला. कायदा विभागाने पत्र पाठवायचे ठरवले होते, पण आधी आवाजात सांगावे असे मला वाटले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले: ‘कोणी कोणी पाहिलं?’ एका व्यक्तीने, एकच कागद, इतके इतके सेकंद, असे मी सांगू शकले, कारण नोंदी होत्या. नोंदी नसत्या तर काय बोलले असते, याचा विचार अजूनही मनात येतो.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे ॲप्लिकेशनने किती दावे मागावेत. मायक्रोसॉफ्टमध्ये ओळखव्यवस्थेवर काम करणारे किम कॅमरन यांनी २००५ मध्ये या क्षेत्रासाठी सात नियम मांडले. त्यातला दुसरा असा की, कमीत कमी उघड करा आणि तेही ठरलेल्या कामापुरतेच. विद्यापीठांनी हे करून दाखवले आहे. शिबोलेथ या प्रणालीने विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात लॉगिन करतो आणि संशोधनपत्रिकेच्या प्रकाशकाकडे जातो. ‘हा या विद्यापीठाचा विद्यार्थी आहे’ एवढाच दावा प्रकाशकाला मिळाला तरी पुरतो. नाव नाही, क्रमांक नाही, ई-मेल नाही. लेख वाचायला द्यायचा की नाही, हे ठरवायला त्याला आणखी काय हवे? तसेच वयाचे. अठरा पूर्ण आहेत का, एवढेच हवे असताना जन्मतारीख का मागायची? ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढा दावा सही करून देता येतो. मागितलेली जन्मतारीख कुठल्या तरी टेबलात पडून राहते आणि ते टेबल फुटले की बाहेर जाते.

या पद्धतीला धोके नाहीत असे मी म्हणणार नाही. एकाच दारातून सगळीकडे जायचे असेल, तर ते दार बंद पडले की सगळेच अडते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. ज्या साइटांवर लोक केवळ फेसबुकच्या लॉगिनने येत होते, ते तेवढा वेळ दाराबाहेरच राहिले. २०१८ मध्ये त्याच कंपनीच्या सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने चोरीला गेली होती. शिवाय तुम्ही कुठे कुठे लॉगिन करता, हेही प्रोव्हायडरला कळते. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की ॲप्लिकेशनने निदान दोन-तीन प्रोव्हायडर मान्य करावेत, एकाशी जोडलेले खाते दुसऱ्याशी जोडायची सोय द्यावी आणि जोडणी तोडायचे बटण सहज सापडेल असे ठेवावे. एवढे करूनही, घाईघाईने बांधलेल्या पन्नास पासवर्ड-टेबलांपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. त्या पन्नासांतली किती टेबले नीट हॅश केलेली, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात साठवलेली असतील, हे सांगायची हिंमत माझ्यात नाही.

वाचकांनी यात करण्यासारखे थोडेच आहे, पण आहे. एखाद्या ॲप्लिकेशनमध्ये फेसबुकसारख्या दुसरीकडच्या खात्याने लॉगिन करताना ‘हे ॲप्लिकेशन पुढील माहिती मागत आहे’ असा एक पडदा येतो. आपण तो न वाचता पुढे जातो. तिथे जरा थांबावे. नाव आणि ई-मेल ठीक. फोनमधले सगळे संपर्क, मेल वाचायची परवानगी, असे काही दिसले तर परत फिरावे. आणि वर्षातून एकदा आपल्या मुख्य खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणती ॲप्लिकेशने जोडलेली आहेत ते पाहावे. ओळखीची नसतील ती काढून टाकावीत.

आपणाला माझी विनंती दोन गोष्टींची. तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याच्या सूचनेची दुरुस्ती छापावी, कारण आपल्या दैनिकावर विश्वास ठेवणारे वाचक ती आजपासूनच पाळू लागले असतील. आणि या विषयावर पुढचा लेख काढाल, तेव्हा सेवा देणाऱ्या संस्थांना आपल्या वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत: तुम्ही पासवर्ड स्वतःकडे का ठेवता, दाखल्यातला माणूस कशावरून ओळखता, आणि उद्या एखाद्या ग्राहकाने ‘माझे कागद कोणी कोणी पाहिले’ असे विचारले तर तुम्ही त्याला काय उत्तर द्याल?

आपली नम्र,
एक वाचक आणि संगणक अभियंता