रात्रीच्या कामासाठी कीबोर्ड

नाशिक

प्रिय शिरीष,

तुझं पत्र मिळालं. बाळ झोपल्यावर त्याच खोलीत दिवा मालवून तू भाषांतराला बसतोस हे वाचून तुमच्या दोघांची काळजी वाटली, पण या कामात मी मदत करू शकतो म्हणून बरंही वाटलं. 'बॅकलाइट कीबोर्ड घेतोय, लिनियर स्विच कुठले घेऊ' एवढंच तू विचारलंयस. स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालची छोटी यंत्रणा, आणि लिनियर म्हणजे मध्ये न अडखळता सरळ खाली जाणारा प्रकार. उत्तर जरा लांबेल, कारण तू इनस्क्रिप्टने (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीने) मराठी टाइप करतोस आणि कीबोर्डबद्दलचे बहुतेक सल्ले गेम खेळणाऱ्यांसाठी दिलेले असतात.

लिनियर हे तू बरोबर ठरवलंस. ब्लू स्विचची (ही रंगांची नावं म्हणजे स्विचचे प्रकार) टकटक झोपलेल्या बाळाजवळ चालायचीच नाही. ब्राऊनमध्ये बटण दाबताना मध्येच एक बारीक उंचवटा लागतो. लिनियरमध्ये स्टेम, म्हणजे बटणाखालचा दांडा, सरळ खाली उतरतो, आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं, पण ते नेमकं कुठे उमटलं हे बोटाला कळत नाही. म्हणून स्प्रिंग किती जड आणि अक्षराची नोंद किती खोलीवर होते, या दोन आकड्यांवरच सगळं ठरतं.

चेरी कंपनीच्या रेड या लिनियर स्विचला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो (ढोबळमानाने तेवढेच ग्रॅम समज), ब्लॅकला ६०. दोन्हींत २ मिलिमीटरवर नोंद होते आणि ४ मिलिमीटरवर तळ लागतो. स्पीड सिल्व्हरचा जोर रेडइतकाच, पण नोंद १.२ मिलिमीटरवर. 'फास्ट आहे' म्हणून कुणी तो तुझ्या गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नकोस. इनस्क्रिप्टमध्ये तुझ्या डाव्या हाताची चार बोटं ो, े, हलन्त आणि ि यांवर टेकलेली असतात. इंग्रजीत चुकून एखादं जादा अक्षर पडलं तर लगेच डोळ्यांत खुपतं. इथे मधलं बोट किंचित जड पडलं की 'परत'मध्ये हलन्त शिरून 'प्रत' होतं. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे स्पेलचेकरही गप्प बसतो, आणि 'प्रत पाठवा' छापून गेल्यावर लक्षात येतं की 'परत पाठवा' म्हणायचं होतं. तुझ्यासारख्या भाषांतरकाराला ही चूक परवडणारी नाही.

ब्लॅकही नको. च, ट, ज, ड आणि वर एंटर, सगळं उजव्या करंगळीवर. रात्री तीन-चार तास ६०चा जोर लावलास तर ती भरून येईल.

मला स्वतःला गेटरॉन कंपनीचा यलो सगळ्यात आवडतो. साधारण ५० ग्रॅमचा, स्वस्त, आणि बोट टेकवून बसलं तरी सहजासहजी अक्षर पडत नाही. पण लिनियर म्हणजे बिनआवाजी नव्हे. स्टेम तळाला आपटतो आणि वर येतानाही आपटतो, तो ठकठक आवाज शांत खोलीत चांगलाच ऐकू येतो. म्हणून तू चेरीचा सायलेंट रेड घे. त्याच्या स्टेममध्ये आपटण्याच्या जागी मऊ भाग बसवलेला असतो, नोंद १.९ मिलिमीटरवर, तळ ३.७ वर. तळाशी थोडं गादीवर दाबल्यासारखं वाटेल, ते मला फारसं रुचत नाही, पण बाळाच्या झोपेपुढे माझ्या आवडीचं काय! आणि सगळ्यात मोठा खडखडाट स्पेसबारचा असतो. तो स्विचचा नव्हे, खालच्या स्टॅबिलायझरच्या (लांब बटण समतोल ठेवणाऱ्या भागाच्या) तारेचा. तारेच्या दोन्ही टोकांना थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावलं की आवाज खूप उतरतो.

आता उजेड. स्विच काळ्या हाउसिंगचा (बाहेरच्या डबीचा) घेऊ नकोस. त्यात एलईडीच्या खाचेतून जेवढा येईल तेवढाच प्रकाश. वरचा भाग पारदर्शक असलेला घे, चेरीकडे त्याला आरजीबी म्हणतात. बोर्ड घेताना एलईडी स्विचच्या कुठल्या बाजूला आहे ते बघ. अक्षर बटणाच्या वरच्या अर्ध्यात कोरलेलं असतं, त्यामुळे एलईडीही वरच्या बाजूला हवा. तो तुझ्याकडच्या बाजूला असेल तर अक्षरं मंद दिसतात. मात्र वरच्या बाजूच्या एलईडीवर 'चेरी' नावाच्या प्रोफाइलचे (आकाराचे) काही कीकॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, स्विचला घासतात, तेव्हा 'ओईएम' नावाच्या प्रोफाइलचेच घे. शिवाय अक्षरातून उजेड येणारे बघून घे. पीबीटी नावाच्या प्लास्टिकचे जाड, सुंदर असे बरेच सेट अपारदर्शक असतात. त्यांत फक्त कडांभोवती उजेड दिसतो आणि अक्षर अंधारातच राहतं. देवनागरीचे काळे स्टिकर चिकटवलेस तरी हाच प्रकार होईल. पारदर्शक पट्टीवर छापलेले मिळाले तर बघ.

हॉट-स्वॅप बोर्डच घे, म्हणजे डाग न देता (सोल्डरिंग न करता) स्विच बदलता येतात. बाळ पुढे वेगळ्या खोलीत झोपायला लागलं की यलो बसव. बसवताना तांब्याचे दोन पाय सरळ आहेत ना बघ आणि उभा दाब दे, तिरका दाबलास तर पाय दुमडतो. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या बोर्डात बसवायचा तर बाजूचे प्लास्टिकचे दोन बारीक पाय नेलकटरने कापून टाक.

ऑर्डर द्यायच्या आधी बोर्डाचं नाव कळव, सॉकेट आणि एलईडीची बाजू मी तपासून सांगतो. माझ्याकडे सायलेंट रेड आणि यलो दोन्ही प्रकारचे थोडे सुटे स्विच पडून आहेत, ते कुरियरने पाठवतो. आधी हाताखाली घेऊन बघ, मग पैसे घाल.

वहिनींना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझा,
मकरंद