माळकऱ्याचं वाइनच्या गावात काय काम?

बोल्झानो, ८ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी तुम्हा दोघांना इकडे यायचा आग्रह केला, तर तुम्ही विचारलंत, "वाइनच्या गावात माळकऱ्याचं काय काम?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून पत्र लिहितेय.

आधी मांडवाचं सांगते. इटलीच्या अगदी उत्तरेला, आल्प्सच्या कुशीत हा साउथ टिरोल प्रांत आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, म्हणून गावोगाव जर्मन बोलतात. उतारावरच्या जुन्या बागा अजून लाकडी मांडवावर आहेत. आपल्या निफाडच्या मांडवासारखा सपाट नाही, एका अंगाने वर चढत गेलेला. मी वाकून आत शिरले तर 'व्हर्नाच' या इथल्या द्राक्षाचे घड कपाळाला लागले, आणि पानांखालचा तो ओला, हिरवा वास आला. एकदम तुमचीच आठवण झाली. आपल्याकडे आता फळासाठीची गोडी छाटणी आणि वेलीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची धांदल. इथे थंडीच इतकी कडक की वेली आपोआप झोपतात, वसंतात आपोआप जाग्या होतात. पेस्ट नाही, छाटणीही वर्षातून एकदाच. तुम्ही कितीतरी प्रश्न विचारले असते!

काढणी झाली की इथे 'टोर्गेलन' सुरू होतं. टॉर्गल म्हणजे द्राक्षं पिळायचा दाबयंत्राचा घाणा. नवी वाइन चाखायला शेतकऱ्याच्या घरी जमायचं, ही जुनी रीत. वाइन तुम्ही घेणार नाही, पण ताजा पिळलेला रसही मिळतो. आंबायला लागलेला नको, एवढं आधी सांगायचं.

आणि चेस्टनट! चपट्या बाजूला चीर देऊन, भोकांच्या लोखंडी तव्यावर जाळावर भाजतात. साल काळी पडून उलते, बोटं पोळत सोलायची, वर लोणी लावायचं. चव थेट चुलीत भाजलेल्या रताळ्याची. आई, एकादशीला चालतील का, ते तूच ठरव.

तुझ्यासाठी 'श्युटेलब्रोट' आणतेय. राय नावाच्या धान्याच्या पिठाची पातळ, कडक, वाळवलेली भाकरीच म्हण. पीठ पाटीवर हलवून हलवून पसरवतात, त्यावरूनच नाव पडलं. मोडली की कडाड वाजते, आणि तोंडात बडीशेप आणि मेथीच्या जातीच्या एका पाल्याचा स्वाद येतो. पालक भरलेल्या अर्धचंद्री 'श्लुत्सक्राप्फन' मात्र विचारूनच घ्याव्या लागतील, पिठात अंडं असतं. दिसतात अगदी तुझ्या करंजीसारख्या.

गुडघ्यांची काळजी नको. बोल्झानोतून रोपवेने बारा मिनिटांत साडेनऊशे मीटर वर जाता येतं, आणि तिथून १९०७ पासून धावणारी छोटी रेल्वे डोंगरमाथ्यावरून फिरवते. संध्याकाळी समोरचा रोझेनगार्टन डोंगर गुलाबी होतो. मी बाकावर बसून तो विझेपर्यंत बघत राहिले. शेजारची जागा रिकामी होती, ती तुम्हा दोघांची वाटली.

बाबा, छाटणी तुमच्या हातानेच होऊ द्या. टोर्गेलन नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतं. पुढच्या वर्षी छाटणी उरकली की बाग दादाच्या हवाली करून निघा. म्युनिकहून इथपर्यंत रेल्वेने चार तास, मी बरोबर असेनच. छाटणीची तारीख ठरली की दादाला कळवायला सांगा, तिकिटं त्यावरूनच काढीन.

तुमची,
ताई