अडुळसा ‘सगळ्यांना चालतो’ असं छापू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही खोकल्यावरच्या घरगुती उपायांचं अख्खं पान दिलंत, वर अडुळशाचा मोठ्ठा फोटो आणि खाली चौकटीत ठळक अक्षरात ‘पूर्णपणे नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही, लहान-मोठे सगळ्यांना चालतो’. पान छान जमलं होतं, फोटो तर झकासच, पण ती एक ओळ वाचून जो वैतागलो तो अजून वैतागलेलाच आहे म्हणून लिहायला बसलो. मी चिपळूणकडचा, आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेलं, आता मुलगा बघतो दुकान. त्यामुळे अडुळसा मला कुंपणातला पण माहितीये आणि बाटलीतला पण.

आधीच सांगतो, मी अडुळशाच्या विरोधात वगैरे नाही हो. आमच्याकडे घराघरात वापरतात, मीही वापरतो. कोकणात गडग्याच्या कडेला, वाडीच्या कुंपणाला अडुळसा असतोच, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत, शेळीसुद्धा नाही, आणि शेळी सहसा काय सोडते ते सांगा! पावसाच्या तोंडावर फांदी तोडून जमिनीत खोचली की झालं, पुढे त्याच्याकडे कोणी बघत नाही तरी डोक्याच्या वर जातो. पानं लांब, टोकदार, समोरासमोर, चुरगळली की एक उग्र वास. थंडीत फुलतो. फांदीच्या टोकाला हिरव्या कणसासारखं काहीतरी येतं त्यातून एकेक पांढरं फूल बाहेर डोकावतं, दोन ओठांचं, खालच्या ओठावर जांभळट रेघा. कोरांटीच्या कुळातलं झुडूप हे. शहरातल्या वाचकांसाठी एवढं लिहितोय कारण नर्सरीत अडुळसा मागितला की काही ठिकाणी काळा अडुळसा हातात देतात, तो वेगळा, त्याची पानं अरुंद आणि दांडे जांभळट काळे. त्याचेही उपयोग आहेत पण ते वेगळे, खोकल्याचा अडुळसा म्हणून तो उकळून पिऊ नये.

दुसरं, तुमच्या चौकटीत ‘पाने मिक्सरमधून काढून रस गाळून घ्या’ असं दिलंय. ज्यांनी कोणी लिहिलंय त्यांनी हे एकदा स्वतः करून बघावं. अडुळशाचं पान नुसतं वाटलं तर चोथाच जास्त, रस नीट सुटत नाही, मग लोक त्यात पाणी ओततात आणि त्या हिरव्या पाण्याला रस म्हणतात. आमच्या घरी पानं धुवून केळीच्या पानात गुंडाळायची आणि चुलीच्या फुफाट्यात सरकवून द्यायची, आता चूल नाही तर इडलीपात्रात वाफवतात. पान काळपट हिरवं होऊन मऊ पडलं की गरम आहे तोवरच ठेचायचं आणि फडक्यातून पिळायचं, हात भाजतो पण तेव्हाच रस येतो, गार झालं की परत अडून बसतं. एवढं करून मूठभर पानांचा चमचा दोन चमचे रस. कडू इतका की मधात कालवला तरी पोरं तोंड फिरवतात. आयुर्वेदात या पद्धतीला पुटपाक म्हणतात आणि अडुळशाच्या बाबतीत ती खास सांगितलेली आहे, म्हणजे आमच्या आज्या जे चुलीपाशी करायच्या ते पोथीतलंच होतं.

आता मुद्द्यावर येतो. हे झुडूप काम करतं, त्यात दम आहे, आणि दम आहे म्हणूनच ‘साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य चुकीचं आहे. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो. छातीतला चिकट कफ सुटायला, श्वासनळ्या मोकळ्या व्हायला त्याची मदत होते. या व्हॅसिसिनचा साचा घेऊन ब्रोमहेक्सिन हे औषध बनलं, जर्मनीच्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीने ते १९६० च्या दशकात बाजारात आणलं. ब्रोमहेक्सिन पोटात गेल्यावर शरीरात त्याचं अँब्रोक्सॉल होतं, आणि ते अँब्रोक्सॉल पुढे स्वतंत्र औषध म्हणून आलं. तुमच्या घरात आत्ता जी कफ सिरपची बाटली असेल ती उलटी करून बारीक अक्षरं वाचा, या दोनपैकी एक नाव सापडायची शक्यता बरीच आहे. काउंटरवर कितीतरी लोक मला ऐकवायचे की ते इंग्लिश औषध नको, काहीतरी आपलं द्या, आणि मी मनात म्हणायचो की अहो हे तुमच्याच कुंपणातून निघून जर्मनीला जाऊन आलंय. जुन्या वाचकांना ग्लायकोडिन टर्प वसाका हे खोकल्याचं सिरप आठवत असेल, त्यातला वसाका म्हणजेही हाच, वासा म्हणजे अडुळसा.

पण हेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. जम्मूच्या सरकारी रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत १९८० च्या आसपास यावर भरपूर काम झालं, प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि प्रसूतीच्या वेळी कळा आणायला किंवा गर्भपातासाठी याचा उपयोग होईल का अशा दिशेने ते संशोधन चाललेलं होतं. म्हणजे विचार करा, सरकारी शास्त्रज्ञ ज्याच्याकडे गर्भपाताचं औषध म्हणून बघत होते ते तुम्ही ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून छापताय. आणि ही काही फक्त लॅबमधली गोष्ट नाही, जुन्या आयुर्वेदात सुलभ प्रसूतीसाठी अडुळशाच्या मुळाचा लेप नाभीवर लावायला सांगितलंय, म्हणजे या झुडपाचा गर्भाशयाशी संबंध आहे हे आपल्याकडे आधीपासून ठाऊक होतं. जुन्या वैद्यांकडे गरोदर बाई खोकल्यासाठी आली की आधी कितवा महिना ते विचारायचे. परंपरा परंपरा म्हणताना नेमका हा भाग कसा गळतो कळत नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दुकानात एक बाई सुनेसाठी अडुळशाचं सिरप मागायला आल्या होत्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, तिसरा महिना आहे, डॉक्टरांच्या गोळ्या नकोत म्हणून घरी रोज दोन वेळा काढा देतेय पण गुण येत नाहीये. काढा कसला तर अडुळशाचा, चांगली पंधरा-वीस पानं उकळून! मी म्हटलं काकी, आज संध्याकाळपासून बंद, आणि सुनेला आत्ताच्या आत्ता तिच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या. त्यांना राग आला, म्हणाल्या झाडपाल्याने कधी कोणाचं वाईट होतं का. सुदैवाने पुढे सगळं नीट झालं, पण ‘झाडपाल्याने काही होत नाही’ हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय की तुमच्या पेपरात ते छापून आलेलं बघवलं नाही.

लहान मुलांचं तर विचारूच नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी भेसळीच्या कफ सिरपने लहान लहान मुलं दगावली, तेव्हापासून आईबाप सिरपला घाबरलेत आणि ती भीती बरोबरच आहे, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं देऊ नका असं तेव्हा केंद्र सरकारनेही सांगितलं. पण मग त्या जागी काय आलं तर अडुळशाचा रस मधातून, तो पण सहा महिन्यांच्या बाळाला! एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, बोट चाटवायला पण नाही, त्यातून होणारा बॉट्युलिझम हा आजार बाळाच्या जिवावर बेतू शकतो. तुमच्या पानावर चार उपायांपैकी तीनमध्ये मध होता आणि वयाचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. तसंच डायबेटिसवाल्यांनी अडुळशाचं तयार सिरप किंवा वासावलेह, म्हणजे अडुळशाचं चाटण, घेताना साखर किती आहे ते वाचावं, आणि वासारिष्ट असेल तर त्यात आंबवताना तयार झालेलं थोडं अल्कोहोल असतं, हे किती जणांना माहिती असतं? माझ्याकडचे एक कडक माळकरी गिऱ्हाईक ते नेमाने घ्यायचे, मी कधी बोललो नाही, जाऊ दे.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अडुळशाचं नाव आपल्याकडे पूर्वीपासून क्षयाशी आणि रक्तपित्ताशी, म्हणजे थुंकीतून किंवा नाकातून रक्त येतं त्याच्याशी, जोडलेलं आहे. त्या काळी दुसरं काही नव्हतं तेव्हा वैद्यांनी हाताशी होतं ते वापरलं, आणि कफ सुटून माणसाला आराम पडत असेलही. पण आज दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, थुंकीत रक्त, तर पहिलं काम सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकीची तपासणी. ती फुकट होते, टीबीची औषधंही फुकट मिळतात. अडुळशाने होतं काय की खोकला जरा सैल पडतो, माणूस म्हणतो उतार पडतोय, आणि आजार आत वाढत राहतो, वर घरातल्या बाकीच्यांना पसरतो. काढ्यावर महिना-महिना काढून मग तपासणीला गेलेली माणसं मी पाहिलीत. तुमच्या पानावर ‘जुनाट खोकल्यावर रामबाण’ असंही एक वाक्य होतं, ते तर माझ्या मते त्या सगळ्या चौकटीतलं सगळ्यात घातक.

साध्या सर्दी-पडशाच्या खोकल्याला, छातीत कफ दाटलाय, धडधाकट मोठा माणूस आहे, गरोदर नाही, तर दोन-चार दिवस अडुळसा घ्या की, कोण नको म्हणतंय. त्यातही किती आणि कधी ते जवळच्या वैद्यांना विचारून घेतलेलं बरं, कारण जास्त झालं तर उलट्या-जुलाब होतात.

तर माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, अडुळसा कोणाला द्यायचा नाही ते छापा: गरोदर बायका, मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असलेल्या बायका, तान्ही बाळं, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेलं कोणीही. आतल्या पानावर कोपऱ्यात ‘खुलासा’ म्हणून दोन ओळी टाकल्या तर त्या कोणी वाचणार नाही, कारण तुमचं ते पान लोकांनी कापून ठेवलंय. आमच्या दुकानातच मुलाने काचेच्या आतून चिकटवलं होतं, मी काढायला लावलं. आणि पुढच्या वेळी असं पान करताना एखाद्या वैद्यांना आणि एखाद्या बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही आधी वाचायला द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आपला,
एक जुना वाचक, चिपळूण