काका, तो लाल ठिपका अजून आहे

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चंद्रपूरहून परतताना एसटीतच मनात लिहून झालं होतं. आलापल्ली येईस्तोवर माइकची पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पूल बुडतो, मोबाइल जातो. माझ्याकडे उरतो हा हॅम सेट, म्हणजे हौशी रेडिओचा बिनतारी संच. बोललेलं डोंगरावरच्या रिपीटरपर्यंत, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचायचं, पण तिथून लांबच्या ठिकाणाशी जोडणारी लिंक माइकच्या बटणांवरून कोड दिल्याशिवाय उघडत नाही, आणि कोड काही केल्या लागत नव्हता.

तुमच्याआधी दोन दुकानं झाली. एकाने सेटच टाकून द्या म्हटलं. दुसऱ्याने बटणांच्या टोनचा आवाज कमी पडतो म्हणत माइकमधला प्रीसेट, म्हणजे तो आवाज कमीजास्त करायचा बारीक स्क्रू, पार टोकाला नेला आणि पैसे घेतले. आधी कधीमधी लागणारा कोड त्यानंतर अजिबातच लागेना. फोन केला तर म्हणे, "तुमच्या जंगलात रेंजच नसेल." ते अजून बोचतं. बोलणं स्वच्छ जातं, हे ऐकून घ्यायलाही त्यांना वेळ नव्हता.

तुम्ही ऐकून घेतलंत. मला पाचचं बटण दाबायला लावून दुसऱ्या सेटवर डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "सूर कमी नाही बाई, जास्त होऊन राह्यला." एका बटणातून दोन सूर निघतात, पाचचे ७७० आणि १३३६ हर्ट्झ, ते फार जोरात गेले की सेट त्यांचे शेंडे छाटतो, भलतेच सूर मिसळतात आणि पलीकडचा डिकोडर आकडा ओळखत नाही. माझ्या बोलण्याचा आवाज वेगळा, टोनचा वेगळा, म्हणून बोलणं ठीक होतं. इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण काका, मला खरं हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. स्क्रूड्रायव्हर लावायच्या आधी तुम्ही नातीची नेलपॉलिश मागितलीत. प्रीसेट जिथे होता तिथे बारीक लाल ठिपका दिलात आणि स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात ठेवलात. "काहून भेतेस? चुकलं त ठिपक्यावर आणून ठेवजो." दुसऱ्याच्या वस्तूची एवढी अदब! ज्याला काम येतं तो दुसऱ्याला अडाणी ठरवत नाही, हे मी त्या दिवशी तुमच्या ओसरीवर पाहिलं. पैशांचं नाव काढलं तर काकूंनी ताट वाढलं.

परवा रात्री पुन्हा पाणी चढलं. कंदिलाच्या उजेडात कोड दाबला आणि पहिल्याच खेपेला लिंक उघडली. पलीकडून आवाज आला, "बोला भामरागड, ऐकतोय." मी दोन क्षण काही बोलूच शकले नाही.

काकूंना नमस्कार. नातीला सांगा, तिचा ठिपका अजून तसाच लाल आहे.

तुमची,
भामरागडची बाई